परिषदेतला शोधनिबंध कमअस्सल नसतो: एका प्रसृत दाव्याचा प्रतिवाद

वैद्यकीय प्रतिमांचे विश्लेषण आणि मशीन लर्निंग या क्षेत्रात काम करणाऱ्या संशोधकांच्या प्रकाशनयाद्यांविषयी एक मजकूर बराच काळ हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय थोडक्यात असा: अशा संशोधकाच्या यादीत ऐंशी-नव्वद नोंदी दिसल्या तरी दिपून जाऊ नये, कारण त्यांतल्या निम्म्याहून अधिक परिषदांमधल्या असतात आणि परिषदेतला निबंध हा काही खरा निबंध नव्हे, तोच निबंध पुढे जर्नलमध्ये छापून दोनदा मोजला जातो, प्रीप्रिंट, म्हणजे समीक्षेआधीच इंटरनेटवर ठेवलेले निबंध, तर कोणी तपासलेलेच नसतात, लेखकांची नावे वीस-वीस असल्यामुळे काम नेमके कोणी केले हे कळत नाही, तेव्हा यादी वाचण्यात वेळ न घालवता उद्धरणांवरून, म्हणजे इतरांच्या निबंधांत झालेल्या उल्लेखांवरून, काढलेला एच-इंडेक्स आणि जर्नलचा इम्पॅक्ट फॅक्टर पाहावा, म्हणजे संशोधकाची योग्यता कळते. लिहिणाऱ्याचा सूर सावधगिरीचा आहे आणि सावधगिरी बाळगण्यात गैर काही नाही, पण त्याने हाती घेतलेली फूटपट्टी दुसऱ्याच विद्याशाखेसाठी आखलेली आहे.

पहिला आक्षेप परिषदेचा, आणि बाकीचे बहुतेक आक्षेप त्याच्याच आधारावर उभे असल्यामुळे त्याला अधिक जागा देतो. वैद्यकशास्त्रात परिषदेला काही शे शब्दांचा सारांश पाठवायचा, तो स्वीकारला गेला की पोस्टर लावायचे किंवा दहा मिनिटे बोलायचे, आणि पूर्ण निबंध सवडीने जर्नलकडे धाडायचा, अशी रीत आहे. त्या रीतीत वाढलेल्या माणसाला ‘परिषदेतील प्रकाशन’ हे शब्द हलके वाटले तर त्यात नवल नाही. संगणकशास्त्राची रीत वेगळी आहे, आणि प्रतिमा-विश्लेषणाने ती तिथूनच घेतलेली आहे. या क्षेत्रातली प्रमुख परिषद म्हणजे मिकाई. तीन लहान परिषदांचे एकत्रीकरण होऊन ती १९९८ साली सुरू झाली. तिला सारांश पाठवून भागत नाही. सुमारे आठ पानांचा पूर्ण निबंध, पद्धत, प्रयोग आणि निकालांच्या तक्त्यांसह, ठरलेल्या तारखेच्या आत द्यावा लागतो, आणि तो देताना लेखकांची व संस्थांची नावे काढून टाकावी लागतात. समीक्षकांनी लिहिलेल्या आक्षेपांना लेखकांनी लेखी उत्तर द्यायचे, ते उत्तर आणि समीक्षा दोन्ही वाचून वरिष्ठ समीक्षकाने शिफारस करायची, आणि एवढे होऊन आलेल्यांपैकी बहुसंख्य निबंध परत जायचे, असा हा क्रम आहे. अलीकडच्या वर्षांत तर स्वीकारलेल्या निबंधांच्या समीक्षा, समीक्षकांची नावे वगळून, कोणालाही वाचता येतात. बहुतेक जर्नले आपल्या समीक्षा अशा उघड्यावर ठेवत नाहीत, हे मजकूरकाराने लक्षात घ्यायला हरकत नव्हती.

उदाहरणच हवे असेल तर यू-नेट या, प्रतिमेतला हवा तो भाग रेखाटणाऱ्या मॉडेलचे घ्यावे. रोनेबर्गर, फिशर आणि ब्रॉक्स या तिघांचा हा निबंध २०१५ साली म्युनिकला झालेल्या मिकाईत आला. त्यातल्या एका प्रमुख प्रयोगाला मूळ प्रतिमा होत्या फक्त ३०, प्रत्येकी ५१२ बाय ५१२ पिक्सेलच्या, फळमाशीच्या अळीच्या मज्जारज्जूच्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली घेतलेल्या. एवढ्या थोड्या सामग्रीवर मॉडेल शिकवता यावे म्हणून लेखकांनी त्याच प्रतिमा रबरासारख्या ताणून-वाकवून त्यांची नवनवी रूपे तयार केली. पुढच्या दहा वर्षांत एमआरआयमधली गाठ किंवा सीटीमधले यकृत रेखाटणारी असंख्य मॉडेले त्याच रचनेवर बेतली गेली. मजकूरकाराच्या हिशेबाने मात्र हा निबंध ‘खरा’ नाही. २०१६ साली सीव्हीपीआर या संगणकीय दृष्टीवरच्या परिषदेत आलेला, प्रतिमा ओळखणाऱ्या रेसनेट या मॉडेलचा निबंधही मग त्याच हिशेबात बाद होतो. संगणकशास्त्रज्ञांचे मूल्यमापन करताना नावाजलेल्या परिषदांतील प्रकाशनाला पुरते वजन द्यावे, असे अमेरिकेतील कम्प्युटिंग रिसर्च असोसिएशनने १९९९ सालच्याच टिपणात सांगून ठेवले आहे. म्हणजे हा वाद नवाही नाही.

एक गोष्ट मात्र मजकूरकाराच्या बाजूने सांगितली पाहिजे. मिकाईच्या जोडीने भरणाऱ्या अनेक कार्यशाळांचे निबंधही स्प्रिंगरच्या त्याच ग्रंथमालेत छापले जातात, आणि यादीत दोन्हींची ओळ दिसायला जवळजवळ सारखी असते. मुख्य परिषदेत आणि कार्यशाळेत चाळणीचा फरक मोठा आहे. हा फरक न सांगणारी यादी वाचणाऱ्याची दिशाभूल करते, आणि अशी यादी करणाऱ्याला त्याबद्दल जरूर विचारावे. पण त्यासाठी आधी ओळ वाचावी लागते, आणि मजकूरकार तर ती वाचूच नका म्हणतो.

दुसरा आक्षेप, एकच काम दोनदा मोजण्याचा. परिषदेतल्या निबंधाचे विस्तारित रूप जर्नलमध्ये देणे ही या क्षेत्रातली उघड आणि संपादकांना मान्य असलेली प्रथा आहे. ‘मेडिकल इमेज ॲनालिसिस’ हे जर्नल तर मिकाईतल्या निवडक निबंधांच्या विस्तारित रूपांचे विशेषांक काढत आले आहे. विस्तारित निबंधात आधीच्या निबंधाचा उल्लेख करावा लागतो आणि नवे काय केले हे स्पष्ट सांगावे लागते. बहुधा ते नवे म्हणजे दुसऱ्या यंत्रावर घेतलेले स्कॅन, अधिक रुग्ण, किंवा एकाच गाठीची सीमा दोन तज्ज्ञांनी रेखाटली तर त्यांच्यात किती तफावत पडते याचे मोजमाप असते. यू-नेट नव्या डेटासेटसाठी आपोआप जुळवून घेणाऱ्या एनएनयू-नेट या पद्धतीचे पहिले प्रीप्रिंट २०१८चे आणि ‘नेचर मेथड्स’मधला निबंध २०२१चा, या शेवटच्या निबंधात २३ सार्वजनिक डेटासेटवर पद्धत पडताळून दाखवली आहे. मधल्या वर्षांचे हे काम कोणी ‘पुन्हा छापले’ या दोन शब्दांत गुंडाळणार असेल तर त्याने दोन्ही निबंध शेजारी ठेवून पाहिलेले नाहीत, असेच म्हणावे लागेल. कल्पना एक आणि निबंध दोन हे खरे आहे. दोन नोंदींचा परस्परसंबंध यादीत लिहिला की तक्रार मिटते.

प्रीप्रिंट कोणी तपासलेले नसते, हा तिसरा आक्षेप शब्दशः बरोबर आहे. चूक आहे ती त्यामागे गृहीत धरलेल्या गोष्टीत, म्हणजे छापले गेले की तपासले गेले, या समजुतीत. कोविडच्या साथीत छातीच्या एक्स-रे आणि सीटीवरून आजार ओळखणाऱ्या मॉडेलांचा पूर आला होता. ‘नेचर मशीन इंटेलिजन्स’मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्याने २,२१२ अभ्यास गोळा केले, गुणवत्तेच्या चाळणीतून ६२ उरले, आणि रुग्णालयात वापरता येईल असे त्यांतले एकही मॉडेल निघाले नाही. या अभ्यासांत प्रीप्रिंट होते, तसेच समीक्षा होऊन जर्नलमध्ये छापलेलेही होते. त्यात सापडलेला एक दोष जवळून पाहण्यासारखा आहे. कोविड नसलेल्यांचे नमुने म्हणून अनेकांनी न्यूमोनियाच्या एक्स-रेचा जो सार्वजनिक संग्रह वापरला, तो एक ते पाच वर्षे वयाच्या मुलांचा होता, आणि कोविडचे नमुने प्रौढांचे होते. अशा मिश्रणावर शिकवलेले मॉडेल कोविड ओळखते की बरगड्यांच्या आकारावरून मूल आणि प्रौढ वेगळे करते, हे अचूकतेच्या टक्केवारीवरून सांगता येत नाही. २०१८ साली ‘प्लॉस मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासाने याच जातीचा घोटाळा आधीच दाखवला होता: न्यूमोनिया शोधायला शिकवलेल्या मॉडेलला एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हे जवळजवळ अचूक ओळखता येत होते, आणि त्याला मदत करणाऱ्या गोष्टींत तंत्रज्ञ प्रतिमेच्या कोपऱ्यात ठेवतात ती धातूची खूणही होती. आजाराचे प्रमाण दोन रुग्णालयांत वेगळे असले की रुग्णालय ओळखणे हाच निदानाचा सोपा मार्ग ठरतो. हे दोष सापडले ते निबंध उघडून, डेटा कुठून आला हे पाहिल्यामुळे.

लेखकांच्या लांबलचक रांगेबद्दल थोडक्यात. मेंदूतील गाठींच्या सेगमेंटेशनच्या, म्हणजे त्यांच्या सीमा रेखाटण्याच्या, ब्रॅट्स स्पर्धेवरचा २०१५चा निबंध साठांहून अधिक लेखकांचा आहे, कारण स्कॅन पुरवणारे, गाठींच्या सीमा हाताने रेखाटणारे आणि आपापली पद्धत स्पर्धेत उतरवणारे गट सगळे त्यात आहेत. या क्षेत्रात पहिले नाव बहुधा प्रत्यक्ष काम करणाऱ्याचे आणि शेवटचे मार्गदर्शकाचे असते. मधल्यांचे काम काय, हे सांगण्यासाठी योगदानाच्या १४ भूमिकांची क्रेडिट नावाची पद्धत अनेक जर्नलांनी स्वीकारली आहे. नुसते नाव लावून घेणारे लेखक असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ते ओळखायचे तर योगदानाचा परिच्छेद वाचायचा, नावे मोजत बसायचे नाही.

आता राहिला मजकूरकाराने सुचवलेला उपाय. एच-इंडेक्स ही जॉर्ज हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ साली मांडलेली संख्या आहे: प्रत्येकी किमान दहा उद्धरणे मिळालेले दहा निबंध असतील, आणि अकरा निबंधांना अकरा-अकरा उद्धरणे नसतील, तर निर्देशांक दहा. ज्याच्या नावावर तीनच निबंध आहेत आणि तिघांनाही हजारो उद्धरणे आहेत त्याचा निर्देशांक तीन. शाखेशाखेत हे आकडे वेगळे येतात, असे खुद्द हर्श यांनीच त्या निबंधात म्हटले आहे. प्रतिमा-विश्लेषणात तर सर्वेक्षणपर लेख आणि सार्वजनिक डेटासेट यांना मूळ पद्धतींपेक्षा कितीतरी जास्त उद्धरणे मिळू शकतात, कारण प्रत्येक नव्या निबंधाच्या प्रस्तावनेत त्यांचा उल्लेख करावाच लागतो. इम्पॅक्ट फॅक्टर ही तर जर्नलची सरासरी आहे. थोड्या निबंधांना भरमसाट आणि बहुतेकांना मोजकी उद्धरणे, अशी वाटणी असताना त्या सरासरीवरून एका निबंधाविषयी काहीच ठरत नाही. व्यक्तींच्या मूल्यमापनासाठी ती वापरू नये, असे २०१२च्या डिसेंबरात सॅन फ्रान्सिस्कोला आकाराला आलेला ‘डोरा’ हा जाहीरनामा स्पष्ट शब्दांत सांगतो. आणि मिकाईच्या ग्रंथमालेला इम्पॅक्ट फॅक्टरच नाही, तेव्हा यू-नेटच्या लेखकांची योग्यता या उपायाने काय ठरणार, हे मजकूरकारालाच विचारावे.

यादी फुगवलेली आहे असा संशय ज्याला खरोखर असेल, त्याने तीन निबंध निवडावेत आणि डेटाचा परिच्छेद काढावा. तिथे प्रतिमांची संख्या आणि रुग्णांची संख्या वेगवेगळी दिली आहे का, ते पाहावे. चेस्ट-एक्सरे-१४ या छातीच्या एक्स-रेच्या सार्वजनिक संग्रहात १,१२,१२० प्रतिमा आहेत, पण रुग्ण ३०,८०५. एकाच रुग्णाचा एक एक्स-रे शिकवण्यात आणि दुसरा चाचणीत गेला, किंवा एकाच सीटीचे शेजारशेजारचे दोन छेद असे दोन्हीकडे विभागले गेले, तर मॉडेलची परीक्षा त्याने आधीच पाहिलेल्या शरीरावर होते आणि अचूकता हवी तितकी वर जाते. विभागणी रुग्णांनुसार केली आहे, असे सांगणारे एखादे वाक्य निबंधात असते किंवा नसते. त्यानंतर दुसऱ्या रुग्णालयातल्या स्कॅनवर पडताळणी केली आहे का, आणि केली असल्यास आकडा किती घसरला हे प्रामाणिकपणे छापले आहे का, ते पाहावे. एवढे वाचायला तिन्ही निबंधांचा मिळून अर्धा तास पुरतो.