हिरवं तेवढंच सुंदर नव्हे

कुठली जागा किती निसर्गरम्य वाटते हे लोकांनाच विचारणाऱ्या ब्रिटनमधल्या ‘सीनिक ऑर नॉट’ या संकेतस्थळाविषयीचा लेख आवडला. एकेका चौरस किलोमीटरचा फोटो लोकांपुढे ठेवायचा, त्यांनी १ ते १० गुण द्यायचे आणि ते नकाशावर चढवायचे! जास्त गुण मिळालेल्या जागा सर्वांत हिरव्या नव्हत्या. त्यांत निळा, करडा, तपकिरी रंग भरपूर होता, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. उपग्रहातून दिसणारी हिरवाई मोजून सौंदर्य हाती लागत नाही.

मात्र एका फोटोवर भागणार नाही. कासचं पठार मे महिन्यात उघडा कातळ असतं, सप्टेंबरात तेरड्याने गुलाबी-जांभळं होतं. आपल्याकडे ऋतूवार फोटो हवेतच. शिवाय डोंगरधारेवर टॉवर उभारला तर तो कुठकुठून दिसून देखावा बिघडवेल, याचा नकाशा जमिनीच्या उंचीच्या डेटावरून आधीच काढता येतो. परवानगीपूर्वी तो नकाशा गावकऱ्यांना दाखवलाच पाहिजे.