यूट्यूब असताना संगीत ग्रंथपाल कशाला?

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. माझा लेख वाचून तुमच्या मुलीने संगीत ग्रंथपाल (म्हणजे गाण्यांच्या ध्वनिमुद्रणांची नोंद ठेवणारी, ती जपणारी) व्हायचं मनावर घेतलंय आणि तुम्ही वैतागलाय. ‘स्वप्नं विकू नका, नोकऱ्या कुठेत? शिवाय यूट्यूबवर सगळं आहेच,’ असं तुम्ही लिहिलंय.

नोकऱ्यांचं तुमचं म्हणणं खरं आहे. मुंबईचं एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स), कोलकात्याची संगीत रिसर्च अकादमी, दिल्लीची संगीत नाटक अकादमी, आकाशवाणी असे ध्वनिमुद्रणांचे संग्रह आहेत, पण तिथे माणसं मोजकीच लागतात. लेखात हे मी एका ओळीत उरकलं, ते चुकलंच. तिने बी.लिब., एम.लिब. या ग्रंथालयशास्त्राच्या पदव्या कराव्यात, म्हणजे साध्या कॉलेजच्या ग्रंथालयाचं दारही उघडं राहील. गाणं मात्र सोडू नये.

यूट्यूबचं मात्र पटलं नाही. तिथे काही सापडतं ते कुणीतरी त्याला नाव दिलेलं असतं म्हणून. नाव चुकलं की ते असून नसल्यासारखं. माझीच फजिती सांगते. नवी असताना कर्नाटक संगीताच्या एका टेपवर ‘हिंदोलम्’ वाचलं आणि ती आपल्या हिंदुस्तानी संगीतातल्या हिंडोल रागात नोंदवून मोकळी झाले. हिंदोलम् म्हणजे जवळपास आपला मालकंस! गंधार कोमल, मध्यम शुद्ध. हिंडोलात नेमकं उलट. टेप लावली असती तर दोन मिनिटांत कळलं असतं. मी फक्त डबा वाचला होता.

नावाची ही गरज जुनीच. १९०२ साली कोलकात्यात ध्वनिमुद्रण करताना गायिका गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत आपलं नाव सांगायच्या. तबकड्या जर्मनीत छापल्या जायच्या, तिथल्या माणसांना कोण गातंय ते कळायला हवं ना! आणि आपले गंधर्व? बालगंधर्व राजहंस, सवाई गंधर्व कुंदगोळकर, कुमार गंधर्व कोमकली, अशी तिघांची तीन आडनावं. कुणी ‘रामभाऊ कुंदगोळकर’ शोधत आला, तर त्याला सवाई गंधर्वांपर्यंत पोचवणारी नोंद कुणीतरी करावीच लागते. (जुन्या ॲसिटेट (एक प्रकारचं प्लास्टिक) टेपच्या डब्यातून व्हिनेगरचा वास आला, म्हणजे टेप खराब होऊ लागली, की तो डबा इतरांपासून वेगळा काढणं, हेही याच कामात येतं. त्यात काव्य अजिबात नाही.)

एक करा. सुट्टीत तिला घरातल्या, नात्यातल्या जुन्या कॅसेटींची यादी करू दे: गायक, राग, ताल, चीजेचे पहिले शब्द, साथीदार, साल. चौथ्या कॅसेटला कंटाळली तर तुमचं बरोबर. साथीदारांची नावं बहुतेक वेष्टनावर नसतील. ती तिने कुठून मिळवली, तेवढं मला कळवा.