हॉस्पिटल डिजिटल करायला निघालेल्या डॉक्टरसाहेबांना न मागितलेला सल्ला

सगळ्यात आधी अभिनंदन डॉक्टरसाहेब! इतकी वर्षं ओपीडीत बसून पेशंट तपासलेत, आता ऑर्डर निघाली आणि तुम्ही हॉस्पिटलच्या डिजिटल समितीचे अध्यक्ष झालात, म्हणजे पेशंटला हात लावायचं काम संपलं. स्टेथोस्कोप मात्र गळ्यातून काढू नका हां. सॉफ्टवेअरवाले प्रेझेंटेशन द्यायला येतील तेव्हा तो दिसला पाहिजे, कारण त्यांच्या पहिल्याच स्लाईडवर 'डॉक्टरांनी डॉक्टरांसाठी बनवलेली सिस्टीम' असं लिहिलेलं असतं आणि त्यातला डॉक्टर म्हणजे तुम्ही.

आता मुख्य पथ्य. सोमवारी सकाळी केसपेपरच्या खिडकीकडे अजिबात फिरकायचं नाही. तिथे लाईन गेटपर्यंत गेलेली असते, खिडकीत एक कारकून आणि शेजारी मदतीला बसवलेला इंटर्न, आणि समोर तालुक्याच्या गावाहून पहाटेच्या एसटीने आलेली आजी. इंटर्न म्हणतो, आजी ओटीपी सांगा. आजी म्हणते, ते काय असतंय बाळा. तर ते असतंय असं की आजीच्या आधारला नंबर जोडलाय मुलाचा, मुलगा चाकणला कंपनीत फर्स्ट शिफ्टला, आणि त्याचा फोन गेटवर लॉकरमधे. ओटीपी तिकडे लॉकरमधे जाऊन पडतो, आजी इकडे बाजूला उभी राहते, आणि तुमच्या डॅशबोर्डवर ती 'पेंडिंग' म्हणून दिसते, पिवळ्या रंगात. खिडकीवर गेलात तर तुम्हाला आजी दिसेल, केबिनमधे बसलात तर फक्त पिवळा रंग दिसेल. कुठे बसायचं ते तुम्हीच ठरवा.

कोणी विचारलंच तर इतिहास पाठ असू द्या. १५ ऑगस्ट २०२० ला लाल किल्ल्यावरून घोषणा झाली, २७ सप्टेंबर २०२१ ला आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं, प्रत्येकाला १४ आकडी आभा नंबर, म्हणजे आरोग्याच्या नोंदींच्या खात्याचा नंबर. कल्पना वाईट नाही हो, उलट चांगली आहे, नागपूरचा पेशंट मुंबईत गेला तर जुने रिपोर्ट पिशवीत घेऊन हिंडायला नको. क्यूआर कोड स्कॅन केला की टोकन मिळतं, तेही ज्याच्याकडे फोन आणि रेंज दोन्ही आहे त्याला खरंच पटकन मिळतं. पण तुम्ही अध्यक्ष आहात, तुम्हाला कल्पनेशी काय करायचंय, तुम्हाला आकडा पाहिजे. आभा ऐच्छिक आहे असं नियमात लिहिलेलं आहे, ते भाषणात जरूर सांगा, आणि खिडकीवर तोंडी सांगा की आभा नसेल तर दुसऱ्या लाईनीत जा. ती दुसरी लाईन हलत नाही हा योगायोग. त्यात २०२३ मधे केंद्राने इन्सेंटिव्ह स्कीम आणली, डिजिटल नोंदींच्या संख्येवर हॉस्पिटलला आणि सॉफ्टवेअर कंपनीला पैसे, कमाल चार कोटींपर्यंत. संख्येवर म्हणतोय मी. पेशंट बरा झाला का याचा त्यात कॉलम नाही, उगाच शोधत बसू नका.

सॉफ्टवेअर निवडायच्या मीटिंगला सिस्टर लोकांना बोलवू नका. त्या नको ते प्रश्न विचारतात, उदाहरणार्थ रात्री तीन वाजता वॉर्डात चाळीस पेशंट आणि दोघीच जणी असताना हे कोण भरणार. डेटा एन्ट्री ऑपरेटरच्या पोस्टचा विषय निघाला तर 'पुढच्या टप्प्यात' म्हणायचं. निदानाची यादी शक्य तितकी लांब ठेवा. अमेरिकेच्या आयसीडी-१० या आजार-दुखापतींच्या कोडच्या यादीत बदकाने मारल्याचासुद्धा कोड आहे, आपण का मागे राहायचं? दोन मिनिटांत एक पेशंट उरकणारा रेसिडेंट डॉक्टर ती यादी बघून काय करतो, तर पहिलं जे दिसेल त्यावर क्लिक करतो, आणि मग महिन्याच्या शेवटी जिल्ह्यात अ‍ॅसिडिटीची भयंकर साथ आलेली असते. त्या साथीवर तुम्ही पेपर वाचू शकता, कॉन्फरन्स बहुतेक गोव्याला असते.

पेशंटच्या सुरक्षेसाठी अलर्ट हवेत, भरपूर हवेत, प्रत्येक गोळीला लाल चौकट उघडली पाहिजे. यात कोणाचा आदर्श ठेवायचा ते सांगतो. २०१३ मधे सॅन फ्रान्सिस्कोच्या एका नावाजलेल्या युनिव्हर्सिटी हॉस्पिटलमधे, जिथली सिस्टीम आपल्या स्वप्नातसुद्धा येणार नाही इतकी महाग, एका १६ वर्षांच्या मुलाला साध्या अँटिबायोटिकची एक गोळी द्यायची होती. डॉक्टरने १६० लिहिलं, तिला वाटलं मिलिग्रॅम, स्क्रीन मात्र वजनाच्या दर किलोमागे मिलिग्रॅम या हिशोबावर होता. एका गोळीच्या झाल्या साडेअडतीस. कॉम्प्युटरने ओव्हरडोसचा अलर्ट दिला की, डॉक्टरला दिला, फार्मासिस्टलाही दिला, पण दिवसभर असे इतके अलर्ट येतात की बोट आपोआप 'ओके' वर जातं, दोघांनी पुढे ढकललं. मग रोबोटने गोळ्या पॅक केल्या, रोबोटचा हात काही थरथरला नाही. नर्सला इतक्या गोळ्या बघून जरा विचित्र वाटलं, तिने बारकोड स्कॅन केला, आणि बारकोड म्हणाला बरोब्बर, साडेअडतीसच. दिल्या. मुलाला फिट आली, नशिबाने वाचला. आता आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सिस्टरसमोर एवढ्या गोळ्या ठेवून बघा, ती डॉक्टरला फोन करून 'अहो सर डोकं ठिकाणावर आहे का' असं विचारेल, अध्यक्ष-बिध्यक्ष बघणार नाही. म्हणून तर अशा सिस्टरचं आधी 'चेंज मॅनेजमेंट' ट्रेनिंग करून घ्यायचं असतं.

रेसिडेंट तक्रार करतील की पेशंटकडे बघायला वेळ मिळत नाही, सगळा वेळ स्क्रीनकडे. त्यांना २०१६ चा अमेरिकन अभ्यास दाखवा, त्यात आढळलं की डॉक्टरचा पेशंटसोबत एक तास गेला तर कॉम्प्युटर आणि टेबलावरच्या कामात जवळजवळ दोन तास जातात. म्हणजे बघा, आपण आंतरराष्ट्रीय दर्जा गाठला.

सायबर सुरक्षा 'सर्वोच्च प्राधान्य' आहे, हे वाक्य प्रत्येक मीटिंगच्या मिनिट्समधे टाका आणि बजेटमधे टाकू नका. पासवर्ड मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला असतो तो तसाच राहू द्या, इंटर्न दर महिन्याला बदलतात, सगळे एकाच लॉगिनवर काम करतात, त्यामुळे कोणी काय लिहिलं हे कोणालाच कळत नाही, याहून जास्त गोपनीयता काय असते. नोव्हेंबर २०२२ मधे दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर रॅन्समवेअरने, म्हणजे डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, बंद पाडले, देशातलं सगळ्यात मोठं नाव, आणि साधारण दोन आठवडे तिथलं काम हाताने, कागदावर चाललं. चाललं कसं, तर कागदावर लिहिता येणारी माणसं अजून होती म्हणून. तेव्हा तुमच्या वॉर्डातल्या सिस्टरने कपाटात लपवलेलं ते लाल कापडी बांधणीचं रजिस्टर आहे ना, ते 'पेपरलेस' सर्क्युलर काढून जप्त करा. पेपरलेस झाल्याच्या पुराव्याची फाईल मात्र तीन प्रतीत लागते, तेवढे रिमचे गठ्ठे मागवून ठेवा.

आणि आता एआय. एआयशिवाय तुमचं काही खरं नाही. छातीचा एक्स-रे मशीन वाचतं, टीबीचा संशय काही क्षणांत सांगतं, आणि हे खरंच कामाचं आहे, जिथे रेडिऑलॉजिस्ट नाही तिथे तर फारच. संशय आला, तपासणीत टीबी पक्का झाला, की नोंद जाते टीबी पेशंटच्या सरकारी निक्षय पोर्टलवर, जे २०१२ पासून आहे. म्हणजे रोग समजला, नाव-पत्ता समजला, दिल्लीपर्यंत समजला. मार्च २०२४ मधे मात्र केंद्रानेच राज्यांना कळवलं होतं की तीन महिने टीबीची काही औषधं तुम्ही स्थानिक पातळीवर खरेदी करा, पुरवठ्याची अडचण आहे. असल्या वेळी पेशंट खिडकीवर येऊन 'गोळ्या कधी मिळतील' विचारतो. त्याला चॅटबॉट द्या. मराठी चॅटबॉट असेल तर उत्तमच, 'आपली गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व' एवढं आलं तरी पुरतं.

उरलं उद्घाटन. मंत्रीमहोदयांसमोर क्यूआर स्कॅन करायला खरा पेशंट उभा करायचा नाही, आपलाच एखादा वॉर्डबॉय नवा शर्ट घालून उभा करा, त्याच्या फोनचं चार्जिंग आणि रेंज आदल्या दिवशी बघून घ्या, जनरेटरमधे डिझेल आहे का ते स्वतः जाऊन बघा, आणि फीत कापून, फोटो होऊन, गाड्या गेटबाहेर पडेपर्यंत हॉस्पिटलमधे दुसऱ्या कोणालाही लॉगिन करू देऊ नका, सर्व्हर बसतो.