टाक, दौत आणि कासचं धुकं

फूल समोर ठेवून त्याचं चित्र काढायचं, तेही पेन्सिल न लावता थेट शाईनं, असा मला नाद आहे. साताऱ्यात राहून असला नाद असला की सप्टेंबरात कास चुकत नाही. यवतेश्वरच्या घाटानं पंचवीसेक किलोमीटर, की साडेआठशेच्या आसपास जातींची फुलझाडं हजर. २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर कासही जागतिक वारशात गेलं. तेव्हापासून माणसांचाही बहर वाढलाय.

सीतेची आसवं जेमतेम वीतभर उंच, फूल नखाएवढं. तोडून नाकाशी धरायची सोय नाही. आडवं पडावं, तर पोटाखाली जागतिक वारसा! मग खडकावर उकिडवं बसायचं. पायांना मुंग्या येतात आणि समोरची ही नाजूक बाई पाण्यातले बारीक जीव पिशव्यांत ओढून निवांत जेवत असते.

गेंदाच्या पांढऱ्या गुंड्या त्याहून छळवादी. काळ्या शाईत पांढरं फूल दाखवायचं म्हणजे फुलाला हातच लावायचा नाही, भोवतालचं गवत तेवढं रंगवायचं. पातं न पातं. आणि कासला गवताला काय तोटा?

शाई वॉटरप्रूफ असते, पण वाळल्यावर. धुक्यात ती वाळतच नाही. सर्दावलेल्या कागदात निब रुततं, शाई फुटते. सीतेच्या आसवांना खरी मुळं नसतात म्हणे. माझ्या वहीत त्यांच्या पाकळ्यांनासुद्धा मुळं आली.

त्यात पाठीमागे परीक्षक मंडळ.

"काका, फोटो का नाय काढत?"

"आवो, पेन्सिलनं काढा की. खोडता तरी येतंय."

"रंग कवा भरणार?"

या शेवटच्या प्रश्नावर माझ्याकडे उत्तर नसतं, कारण रंग भरायचेच नसतात.

शेवटी कवल्याकडे वळलो. पिवळं फूल, त्यावर दोन लाल ठिपके, म्हणून सगळे त्याला मिकी माउसच म्हणतात. शाईत लालाचं काळं झालं, डोळे झकास उमटले. तेवढ्यात धुक्याचा एक थेंब नेमका डाव्या डोळ्यावर पडला आणि काळा ओघळ गालावरून खाली आला.

"मम्मी, मिकी रडतोय!" मागून एक चिमुरडी ओरडली.

मम्मीनं वाकून वहीत पाहिलं आणि घरच्यांना हाका मारल्या, "अहो, इकडे या! सीतेची आसवं, सीतेची आसवं म्हणतात ना, ती ही बघा!"

सगळ्यांनी माझ्या वहीचा फोटो काढला.