बदली म्हणजे कारवाई नव्हे

डॉक्टरबद्दल ओरड वाढली की आमच्याकडे एकच गोष्ट होते, बदली. आणि तीही अजून आडवळणाच्या गावी. तालुक्याच्या ठिकाणी जो नको झाला, तो जंगलपट्ट्यातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसीत) चालतो, असाच याचा अर्थ. मला तो मान्य नाही. तिथल्या बाया काय कमी जिवाच्या आहेत?

मी आशांची गटप्रवर्तक आहे. पेशंटसोबत दवाखान्यात जाणं, कागद सांभाळणं हे रोजचंच. मागच्या सोयाबीनच्या सवंगणीत एका बाईच्या हाताला विळा लागला. टाके घालताना डॉक्टरांचा हात थरथरत होता, दारूचा वास लपत नव्हता. सिस्टरनं एक शब्द न बोलता सुई आपल्या हाती घेतली. डॉक्टर खुर्चीत जाऊन बसले. बाहेर आल्यावर त्या बाईची सासू म्हणाली, "ताई, आमाले मालूम हाये. दुपारच्या आंदी आनलं त साहेब बरे रायते. आज उशीर झाला." तक्रार करायची का, विचारलं. "काऊन करा बाई? उद्या लेकराले ताप आला त कोन पाहीन?"

अख्ख्या पंचक्रोशीला डॉक्टरांच्या वेळा पाठ आहेत. ज्या वैद्यक परिषदेच्या नोंदणीवर ते डॉक्टर म्हणून बसतात, तिच्यापर्यंत मात्र यातलं काही पोचत नाही.

नोकरी सरकारची असते, पण डॉक्टरकीची नोंदणी परिषदेची, हे गावात फारसं कुणी सांगत नाही. खातं बदली करेल, निलंबित करेल. तेवढ्यानं नोंदणीला धक्का लागत नाही. नोकरी सुटली तरी शेजारच्या तालुक्यात पाटी लावता येते. नोंदणीवर कारवाई करायची तर एमबीबीएसवाल्यांसाठी महाराष्ट्र वैद्यक परिषद, बीएएमएसवाल्यांची परिषद वेगळी, होमिओपॅथीची वेगळी, नर्सेसची वेगळी. सगळ्यांचं बस्तान मुंबईत. गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसानं मजुरी बुडवून तिकडे जायचं, असं धरूनच चाललंय सगळं.

नियम वाचले की जास्त राग येतो, कारण ते वाईट नाहीत. एमबीबीएस डॉक्टरांच्या आचरणाचे २००२ चे नियम आजही लागू आहेत. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे आले, पण त्याच महिन्यात स्थगित झाले. त्या २००२ च्या नियमांत तक्रारीचा निकाल सहा महिन्यांत द्यायचा असं लिहिलंय. चौकशी चालू असताना ज्या कामाबद्दल तक्रार आहे, ते काम करण्यापासून डॉक्टरला थांबवता येतं. आपल्या व्यवसायातल्या अकार्यक्षम किंवा भ्रष्ट वागणुकीबद्दल डॉक्टरनंच न भिता बोलावं, हेही त्यात आहे. मग शेजारच्या टेबलावरचे डॉक्टर का गप्प बसतात?

त्यात २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायद्यानं आणखी एक गोम करून ठेवली. राज्य परिषदेच्या निर्णयावर अपील करायचा हक्क त्यात डॉक्टरला दिलाय. पेशंटचा त्यात उल्लेखच नाही. ज्याच्या अंगावर टाके पडले त्यानं निकाल मुकाट्यानं ऐकायचा, हा कुठला न्याय?

ब्रिटनमध्ये जनरल मेडिकल कौन्सिल हे काम करते. तिथं विचारतात, हा माणूस आज पेशंटला हात लावायला योग्य आहे का? व्यसन, मानसिक आजार हेही त्यात येतं. उपचार घे, देखरेखीखाली काम कर, अशा अटी घालता येतात. निवाडा करणारं न्यायाधिकरण २०१२ पासून वेगळं काम करतं. तिथंही सगळं गोड नाही. चौकशी चालू असताना २००५ ते २०१३ मध्ये २८ डॉक्टरांनी आत्महत्या केल्याचं किंवा तसा संशय असल्याचं त्या कौन्सिलच्याच अहवालात आहे. म्हणून चौकशी लवकर व्हावी आणि माणुसकीनं व्हावी.

आमच्या त्या डॉक्टरांना कुणी देशोधडीला लावावं असं मला वाटत नाही. एकट्यानं रात्रंदिवस ओपीडी, डिलिव्हऱ्या, पोस्टमॉर्टेम ओढणारा माणूस मोडूही शकतो. त्याला रजा द्या, व्यसनमुक्तीला पाठवा, बरा झाला की परत घ्या. पण तोवर सुई त्याच्या हातात नको. आज गावापुढे दोनच रस्ते आहेत, गप्प बसणं नाहीतर दवाखान्यावर चालून जाणं. चालून जाणाऱ्यांसाठी डॉक्टर-दवाखान्यांवरच्या हल्ल्यांविरुद्धचा २०१० चा कायदा आहे आणि तो हवाच. डॉक्टरवर हात उचलणाऱ्याच्या बाजूनं मी कधीच उभी राहणार नाही.

माझं मागणं एवढंच आहे. जिल्हा रुग्णालयातच सगळ्या परिषदांच्या तक्रारी घेऊन पोच द्यावी, सुनावणीला पेशंटला तिथूनच व्हिडिओवर बसू द्यावं, तक्रार करणाऱ्या सिस्टरचं नाव झाकावं, आणि अपिलाचा हक्क पेशंटलाही मिळावा. आमदार-खासदारांनी हे सभागृहात मांडावं. तोवर आशाताईंनो, एक करा. केसपेपर मागितल्यावर ७२ तासांत द्यायचा, हेही त्याच २००२ च्या नियमांत आहे. अर्ज लेखी द्या, त्यावर तारीख टाका आणि पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.