फ्रीझरमधलं मटण रात्रभर ओट्यावर ठेवू नका

व्हॉट्सॲपवर फिरतंय की फ्रीझरमधला उरलेला मटणाचा रस्सा रात्रभर ओट्यावर ठेवा, सकाळी खळखळून उकळला की सगळे जंतू मरतात, काही होत नाही. हे चूक आहे. फ्रीझरमध्ये जंतू मरत नाहीत, नुसते थांबतात, आणि ५ ते ६० डिग्रीच्या मधे परत भराभर वाढतात, त्यातले स्टॅफिलोकोकससारखे काही जे विष सोडतात ते उकळूनही जात नाही, वास चांगला असला तरी उलट्या होऊ शकतात. डबा आदल्या रात्री खाली फ्रीजमध्ये उतरवा, घाई असेल तर गोठलेलाच पातेल्यात टाका चालतं, फक्त मधला तुकडासुद्धा आतून ७५ डिग्री, म्हणजे चांगला वाफाळता व्हायला हवा. लहान पोरांना तर ओट्यावरचं अजिबात देऊ नका प्लीज.