धक्क्यावरच्या वायरबद्दल मालकाचं उत्तर

नमस्कार ताई,

दिवाळीत तुम्ही आमच्याकडे राहून गेलात आणि दोन स्टार देऊन लिहिलंत, की धक्क्यावरची वायर बोटीच्या छताला टेकायचीच बाकी होती, कठड्याला हात लावल्यावर मुलाला झिणझिण्या आल्या आणि वर नुसता अंधार. पहिल्या दोन्ही गोष्टी खऱ्या. चूक आमची, माफी मागतो.

वायर खाली आली नव्हती, पाणी वर आलं होतं. शिवसागर म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा. मे महिन्यात आमचा तरंगता धक्का पार उताराच्या तळाशी असतो, पावसाळा संपता संपता तोच वर अंगणाजवळ येतो. खांब रोवले उन्हाळ्यात, तेव्हा वायर दोन पुरुष उंच वाटायची. तापोळ्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला हे सुचू नये, याची लाज वाटते.

झिणझिण्या आल्या त्या होल्डरच्या टेप गुंडाळलेल्या जोडामुळे. पावसात टेप सुटली आणि करंट लोखंडी कठड्यात उतरला. आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाईन लगेच तोडणारा स्विच, होता, पण घराच्या बोर्डात. धक्क्याची लाईन थेट मेनवरून ओढलेली. वायरमन म्हणाला, 'किरकोळ आहे.' किरकोळ नाही. खारं पाणी विजेला माणसाच्या अंगापेक्षा सोपी वाट देतं. गोड्या पाण्यात मात्र ती पोहणाऱ्याच्या अंगातूनच वाट काढते. हातपाय आखडतात, माणूस बुडतो आणि लोक म्हणतात, दम लागला असेल.

तुमचा रिव्ह्यू वाचला त्याच दिवशी मेन बंद केला. आता धक्क्यावर डोक्यावरून एकही वायर नाही. २३० व्होल्ट वर घरापाशीच थांबतात, तेही ३० मिलीअँपिअरच्या आरसीसीबीमागे. त्याचं टेस्टचं बटण दर महिन्याच्या एक तारखेला मी स्वतः दाबतो. खाली जातात फक्त १२ व्होल्ट, पाण्यात चालणाऱ्या एलईडी दिव्यांना. वायरमनही बदलला.

अंधाराचं मात्र पटत नाही. मोठा फोकस लावला की तो थेट बोटवाल्याच्या डोळ्यांत जातो आणि पाण्यातले जुन्या झाडांचे खुंट त्याला दिसत नाहीत. म्हणून दिवे पावलांपाशी, खाली तोंड करून. फोटोला बरे दिसत नाहीत, पण ते तसेच राहतील.

बुकिंगच्या नंबरावर दोनदा फोन केला, लागला नाही. मुलगा कसा आहे, तेवढं कळवा.